चिंता मिटत नाही, नुसती दिसेनाशी होते

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पावसाळ्याआधी गाडीची काय तयारी करावी, यावर अर्धं पान मजकूर होता. वायपर, टायर, बॅटरी, ब्रेक, सगळं ठीक. पण शेवटाकडे जुन्या गाड्यांच्या मालकांना एक सल्ला दिला आहे: मे महिना संपायच्या आत गाडीला खालून काळं अंडरकोटिंग, म्हणजे डांबरी लेप, मारून घ्या, म्हणजे गंजाची चिंता मिटते. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. चिंता मिटत नाही हो, नुसती दिसेनाशी होते. आमची पाच वर्षं दिसेनाशी झाली होती.

मी मेकॅनिक नाही. सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तरी या विषयावर बोलायचा थोडा अधिकार कमावला आहे. या डिसेंबरपासून मार्चपर्यंत मी १९७५ सालच्या प्रीमियर पद्मिनीखाली चटई टाकून पडत होते, आणि केसांतलं डांबर काढायला खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या संपवल्या.

गाडी माझ्या सासऱ्यांची. गावभागात आमचा वाडा, मामंजींची हळदीची अडत. ही पद्मिनी त्यांनी आणली तेव्हा गल्लीतली दुसरी चारचाकी होती, पहिली डॉक्टरांची. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, १०८९ सीसीचं इंजिन, पुढे एकसंध बाकासारखी सीट, त्यामुळे हरिपूरला संगमावर जाताना पोरंसोरं धरून आठ-नऊ जण आरामात. मामंजी आम्हाला सांगायचे की विश्रामबागेतल्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनीच ही गाडी बनवणारी प्रीमियर कंपनी १९४४ साली काढली, म्हणजे गाडी आपल्या घरचीच. या तर्काला आम्ही कधी आव्हान दिलं नाही. मामंजी गेले, अडत बंद झाली, गाडी राहिली.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे सांगलीकराला सांगायला नको. आम्ही माणसं आणि देव घेऊन निघालो, गाडी वाड्याच्या चौकात राहिली. पाच दिवस ती दाराच्या हँडलपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरलं तेव्हा शहरातल्या प्रत्येक गॅरेजपुढे गाड्यांच्या रांगा. ज्यांच्याकडे नंबर लागला त्यांनी इंजिन साफ केलं, सीट उन्हात वाळवल्या, वायरिंग बदललं आणि खालून काळाकुळकुळीत लेप मारून गाडी परत दिली. मी वाकून पाहिलं, नवं कोरं दिसलं. मी त्यांना पाव किलो पेढे नेऊन दिले. कुणाचं नाव घ्यायचं कारण नाही. त्या धांदलीत त्यांनी सगळ्यांनाच असा लेप मारला आणि आम्ही सगळेच खूश झालो. चिखल धुवायला पाणी कुठून आणणार होते? प्यायचं पाणीही तेव्हा टँकरनं येत होतं.

गेल्या नोव्हेंबरात मिरज रस्त्यावर टायर पंक्चर झाला. जॅक लावला. जॅक वर जात होता, गाडी नाही. दरवाज्याखालचा पत्रा पापडासारखा कुरकुरत आत गेला.

गाडी ओढून ज्याच्याकडे नेली तो डेंटर माझा जुना विद्यार्थी. बारावीला केमिस्ट्रीत गटांगळी खाल्लेला, पण हाताला डोळे असलेला. त्यानं आतला गालिचा उचलला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि नुसता अंगठ्यानं दाबला. मूठ पत्र्याला टेकली. म्हणाला, “मॅडम, ह्यो पत्रा न्हाई. पत्रा कवाच गेला. ही नुसती डांबराची चादर हाय, तिच्यावर पाय ठेवून तुमी पाच वर्सं गाडी चालवलीया.”

पद्मिनीला किंवा अँबेसेडरला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, हे बऱ्याच मालकांच्या ध्यानात नसतं. फ्लोअर, रनिंग बोर्डाखालची पोकळ पेटी आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. तिथला गंज हा रंगाचा प्रश्न नाही. घराच्या तुळईला वाळवी लागण्याचा प्रश्न आहे.

आता हे का झालं ते सांगते. राहवत नाही, सवय आहे. दहावीच्या पुस्तकात खिळ्यांचा प्रयोग असतो. तीन परीक्षानळ्या. एकीत खिळा, पाणी आणि हवा. दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा आणि ओलावा शोषायला निर्जल कॅल्शिअम क्लोराइड. पहिल्याच नळीतला खिळा गंजतो. पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मुलं हे पाठ करतात आणि मोठेपणी गाडीचे मालक झाल्यावर म्हणतात, मग डांबर मारलं की हवाच लागणार नाही, प्रश्न मिटला! एकतीस वर्षं मीही तिथेच थांबत होते. पुढचा भाग मला पद्मिनीनं शिकवला.

पत्र्याचा एक भाग उघडा आहे आणि शेजारचा चिखलाखाली दबला आहे, असं समजा. गंज उघड्या भागाला लागेल असं वाटतं. होतं उलटं. दोन्ही ओल्या भागांचा मिळून एक विजेचा घट तयार होतो. जिथे प्राणवायू कमी पोचतो ती जागा ॲनोड होते आणि तिथलं लोखंड विरघळत जातं; भरपूर हवा मिळणारा शेजारचा भाग सुरक्षित राहतो. म्हणजे नेमकं चिखलाखाली, लेपाखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात. पुराच्या पाण्यात शेतातली खतं, गटारातले क्षार, सगळं उतरलेलं असतं, त्यामुळे वीज वाहायला अडचण नाही. आमच्या काळ्या मातीचा गाळ ओल सोडायला तयार नसतो. वर डांबराचा लेप, म्हणजे ती वाळायची सोय बंद. आणि लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट, दोनपासून सहापटीपर्यंत, जागा घेतो. तो फुगतो, लेपाला आतून फोड येतो, फोडाला चीर पडते, चिरेतून नवं पाणी आत शिरतं, पण बाहेर येत नाही. हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, पाणी शिरलं की काय होतं ते हरिपूरच्या जुन्या लोकांना विचारा. २००५च्या पुरानं तिथली पेवं नासली. वरून तोंड बंद असलं म्हणून आतली हळद वाचत नाही.

ह्यांचं म्हणणं होतं, भंगारात देऊन मोकळे होऊ. ह्यांच्या वडिलांची गाडी, आणि जीव माझा अडकलेला. दोन दिवस घरात अबोला झाला आणि गाडी विश्रामबागेतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टँडवर चढली. (जॅकवर ठेवून कुणीही गाडीखाली शिरू नका. चारही बाजूंना स्टँड, आणि काढलेली चाकं आडवी करून गाडीखाली सरकवायची. काही घसरलंच तर चाकावर येईल, छातीवर नाही.)

जुना लेप काढायचा कसा, हे विचारलं तर दहांपैकी नऊ जण सांगतात, ग्राइंडरला तारेची वाटी लावा. आम्ही पहिल्या दिवशी तेच केलं. घर्षणानं डांबर तापलं, वितळलं आणि निघण्याऐवजी पत्र्यावर लोण्यासारखं पसरलं. उरलेलं भिंतीवर, छतावर आणि माझ्या चष्म्यावर. तारेचा एक तुकडा सुटून डेंटरच्या बाहीत रुतला. त्याहून वाईट गोष्ट मला रात्री आठवली. पूर्वीच्या काही डांबरी लेपांत बळकटीसाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असत, आणि आमच्या गाडीवर २०१९च्या लेपाखाली मामंजींच्या काळातला एक जुना थरही होता. त्याची कोरडी धूळ करून ती फुप्फुसात भरणं म्हणजे मूर्खपणा. दुसऱ्या दिवसापासून ग्राइंडर बंद, जाड मास्क, आणि खरवडण्याआधी पाण्याचा फवारा.

वाळूचा मारा करून घ्या, असंही एकानं सुचवलं. वाळू कडक गंजावर उत्तम चालते, पण मऊ रबरी लेपावर आपटून परत येते. आणि जोर वाढवला तर मोठा पातळ पत्रा तापून वाकडा होतो. फ्लोअरसाठी तो विचार सोडला.

मग शोध लागला थंडीचा. हा शोध खरं तर आमच्या गड्याचा. तो सकाळी लवकर येऊन ठोकायला लागला आणि मामंजींच्या काळातलं डांबर खडीसाखरेच्या खड्यांसारखं तडकून पडू लागलं. डिसेंबरात सांगलीला पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर उतरतो. जुनं डांबर त्या गारठ्यात ठिसूळ असतं. दहा वाजता ऊन शेडवर आलं की तेच च्युइंगम होतं. त्यामुळे आमची पाळी सहा ते नऊ. छिन्नीची धार मुद्दाम बोथट केलेली, हातोडी अर्ध्या किलोची, आणि ठोका तिरपा, पत्र्याला समांतर. सरळ ठोकलं तर पत्र्याला खळगे पडतात. परदेशातले हौशी लोक यासाठी उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ पत्र्यावर पसरतात. आम्हाला पौष महिना पुरला.

वरचा २०१९चा लेप मात्र रबरी होता, तो गारठ्याला दाद देईना. त्याला हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र. इथे एक गोष्ट स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही चटकन कळेल: डांबर वितळवायचं नाही, मऊ करायचं. गोळीबंद पाकापर्यंत आणायचं, पुढे जाऊ द्यायचं नाही. धूर दिसला की आच जास्त झाली आणि तुम्ही विष हुंगताय असं समजा. गनचं तोंड चार बोटं लांब ठेवून एका कडेनं सुरुवात करायची आणि मागोमाग पेंटरची लांबी (पुटी) भरायची पट्टी सरकवायची. नीट जमलं तर तळव्याएवढी सालं निघतात. हे करायच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर ठेवली, नळ्या रिकाम्या केल्या, ब्रेकच्या रबरी पाइपांना ओली फडकी गुंडाळली आणि बाजूला वाळूची बादली. शेवटी राहतो तो चिकट काळा पापुद्रा. तो टर्पेंटाइननं भिजवून, दहा मिनिटं थांबून, जाडाभरड्या गोणपाटानं पुसायचा. पेट्रोलनं पुसू नका. गॅरेजांत रंगाच्या डब्यात पेट्रोल घेऊन ब्रशनं धुताना मी पाहिलं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती गाडीखाली जमिनीलगत साचून राहते आणि तुम्ही नेमके तिथेच बल्ब घेऊन पडलेले असता.

निघालेला माल मामंजींच्या हळदीच्या तराजूत तोलला. साडेअकरा किलो डांबर, आणि वेगळा काढलेला चार किलो गाळ. रनिंग बोर्डाच्या पेटीतून गाळाबरोबर एक हळकुंड निघालं. पुरात कुणाच्या तरी गोदामातून वाहत आलेलं, बाहेरून काळं पडलेलं. मोडलं तर आत अजून पिवळं होतं. शेजारी धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवलं होतं, त्याचा थेंब पडला आणि ते लालभडक झालं. अल्कलीत हळद लाल होते, कुंकू त्यावरच बनतं. ह्यांनी ते हळकुंड कागदात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता खरवडायला आले. डांबराची गोणी अजून जिन्याखाली आहे. ती जाळायची नाही, ओढ्यात टाकायची नाही, एवढं ठरलंय.

पत्रा उघडा झाल्यावर तो वाजवून पाहायचा. कुंभाराकडे मडकं वाजवतो तसा. छोट्या हातोडीनं टण् आला तर पत्रा जिवंत, थप् आला तर मेलेला. पद्मिनीचा मागचा अर्धा फ्लोअर टण् होता, त्याच्यावर लाल पावडरीसारखा वरवरचा गंज. मधल्या भागात पापुद्रे सुटलेला खोल गंज. आणि चालकाच्या पायाखाली व डाव्या पेटीत थप्. जिवंत भागावर आम्हाला मूळ शेंदरी प्रायमरही सापडला. त्या काळी गंज अडवायला खरोखरचा शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड वापरत. मारुतीला शोभतो, पण त्याची धूळ पोटात जाऊ नये. तिथेही पॉलिश पेपर पाणी लावूनच घासायचा, आणि हात धुतल्याशिवाय चहा नाही.

वरवरच्या गंजाला बाजारात मिळणारं ‘रस्ट कन्व्हर्टर’ नावाचं द्रव चालतं. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं, नाहीतर टॅनिन (हिरड्या-आवळ्यातलं तुरट द्रव्य), नाहीतर दोन्ही. यात जादू काही नाही. विळीवर केळफूल चिरलं की विळी काळी पडते, लोखंडी कढईत आवळा काळा होतो, तीच ही क्रिया. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून पोथ्या लिहायची शाई करत, ती या टॅनिन आणि लोखंडाच्या निळ्या-काळ्या संयुगाचीच. तेच संयुग गंजलेल्या पत्र्यावर घट्ट थर धरून बसतं. म्हणजे मी पद्मिनीच्या पोटाला शाई फासली, एवढंच! पण शाई जशी चिखलावर बसत नाही तशी ही पापुद्र्यावर बसत नाही. सुटा गंज तारेच्या ब्रशनं घासून पूर्ण काढावा लागतो, पत्र्याला चिकटलेला पातळ थर तेवढाच राहिला पाहिजे. बाटलीवर लिहिलेलं ‘घासायची गरज नाही’ हे वाक्य खोटं आहे.

आणि हात जोडून एक सांगते, न्हाणीघराच्या फरशीचं ॲसिड गाडीला लावू नका. ते हायड्रोक्लोरिक. गंज पाच मिनिटांत खातं, पत्रा चांदीसारखा होतो, मालक टाळ्या वाजवतो. पण त्यातला क्लोराइड सांध्यात शिरून बसतो, धुऊन निघत नाही आणि दोन महिन्यांत आतून गंज दुप्पट वेगानं परत येतो. शिवाय त्याच्या वाफेनं शेडमधली सगळी हत्यारं गंजतात. माझ्या विद्यार्थ्याच्या शेडमध्ये त्या ॲसिडचा कॅन होता. तो मी त्याच्या देखत उचलून संडासात नेऊन ठेवला.

बिजागऱ्या, कंस, नट-बोल्ट अशा सुट्या भागांना मी दोन उपाय केले, आणि त्यांत मला सगळ्यात जास्त मजा आली. पहिला मळीचा. नदीकाठची मळी नव्हे, साखरेच्या कारखान्यातली, जनावरांच्या खाद्यात घालायला मिळते ती. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या टबात भाग बुडवून तीन आठवडे विसरून जायचं. मळीतली सेंद्रिय द्रव्यं गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात खेचतात, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. वास असा येतो की शेजारीण विचारायला आली, घरात कुणी दारू गाळतंय का. मुंग्या वेगळ्याच. जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भागांना हे चालत नाही. दुसरा उपाय विजेचा: बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडाच्या सळईला. रात्रीत गंज काळा होऊन ब्रशनं निघतो. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. आणि खोली उघडी हवी, हायड्रोजन सुटतो. हे करताना बारावीच्या प्रॅक्टिकलला वर्गाबाहेर उभा केलेला तो मुलगा सहा फुटी होऊन बादलीशेजारी बसला होता आणि विचारत होता, “मॅडम, हे तवा का न्हाई दाखवलं?” मला उत्तर देता आलं नाही.

थप् वाजणाऱ्या भागाला मात्र कुठलंच औषध नाही. तो कापायचा. चांगला पत्रा लागेपर्यंत, आणि वर बोटभर जास्त. बाजारात याला दुसरा उपाय म्हणून फायबरची जाळी आणि लांबी भरून वर काळं मारतात. पत्र्याच्या जागी लांबी, आणि बिल पत्र्याचं. आम्ही अठरा गेजचा पत्रा वाकवून बसवला, सीओटू वेल्डिंगनं, एका जागी सलग न जोडता टिपके देत देत, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. वेल्डिंगच्या वेळी एक माणूस गाडीच्या आत ओली गोणी घेऊन बसलेला पाहिजे. पलीकडच्या बाजूला राहिलेलं डांबर पेट घेतं आणि खाली पडलेल्या माणसाला ते कळत नाही. आमच्याकडे दोनदा पेटलं. ह्यांनी विझवलं.

पुढचं थोडक्यात. दोन डबे मिसळून लावायचा एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग, आणि सगळ्यात वर हवं तर तुमचं ते काळं अंडरकोटिंग. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर ते चांगलं काम करतं, दगडांचा मार झेलतं. माझं भांडण लेपाशी नाहीच. पोकळ पेट्यांच्या आत डांबर न घालता पातळ मेणाचा फवारा, कारण तो सांध्यात झिरपतो. आणि दरवाज्यांच्या व पेट्यांच्या तळाला पाणी जायची जी भोकं असतात ती लेपानं बुजू देऊ नका. आमच्या गाडीची बारापैकी नऊ बुजली होती. मी ती स्वेटर विणायच्या सुईनं मोकळी केली. सगळा खर्च बेचाळीस हजार, त्यात माझी आणि ह्यांची मजुरी धरलेली नाही.

‘मे महिना संपायच्या आत’ हे म्हणूनच चुकीचं आहे. हे काम डिसेंबरात सुरू करून मार्चमध्ये संपवायचं, आपल्याकडची हवा कोरडी असते तेव्हा. वळवाच्या दोन सरी पडून गेल्यावर ओल्या पत्र्यावर घाईघाईनं मारलेला लेप हा आमच्या २०१९च्या लेपाचाच भाऊ. नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी. कारखान्यातच त्यांचा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं रंगवतात, बऱ्याचशा पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. त्यांच्या मालकांनी उगाच घाबरू नये.

पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम केले आहेत. त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाड्यात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. आमची पद्मिनी पन्नाशीची झाली आहे. आपल्या सांगली-मिरजेत, इस्लामपूर-विट्याला अशा कितीतरी गाड्या शेडमध्ये झाकून ठेवलेल्या असतील. त्यांतल्या ज्यांनी २०१९चं किंवा २०२१चं पाणी पाहिलं आहे, त्यांच्या मालकांनी हा अंक वाचून गाडी थेट फवाऱ्याखाली नेऊ नये, म्हणून हा खटाटोप. आधी गालिचा उचला, स्क्रू ड्रायव्हर टेकवा. गॅरेजवाल्याला सांगा, लेप मारण्याआधी उघडा पत्रा मला दाखव, निदान मोबाइलवर फोटो तरी पाठव. फोटो पाठवायला जो कुरकुर करेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

आपण पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापलीत तर उपकार होतील. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावायची झाली तर वालचंदांचं आणि कुंकवाचं कापा, ॲसिडचं आणि पेट्रोलचं कापू नका.

आणखी एक. खिळ्यांच्या त्या तीन नळ्यांना मी जानेवारीत चौथी जोडली आहे: अर्धा खिळा नदीच्या गाळात माखून वर डांबर लावलेला, अर्धा उघडा. परवा डांबर सोलून पाहिलं. आपल्या पुरवणीचं काम जे पाहतात त्यांना दाखवायला चारही नळ्या घेऊन कार्यालयात यायची माझी तयारी आहे. सोमवार सोडून कधीही, दुपारी चारनंतर. गाडीनंच येईन.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
विश्रामबाग, सांगली
(नाव छापू नये, ही विनंती. विद्यार्थी फार आहेत आणि त्यांतले निम्मे गॅरेजवाले.)